दोनशे पेशी मोजायला लावणारे डॉक्टर

खामगावच्या दवाखान्यात मी रक्त तपासायला रुजू झालो, त्याच दिवशी डॉ. भास्कररावांनी माझा पहिला रिपोर्ट परत केला. "शंभरच पेशी मोजल्या? दोनशे मोजा. काचेवर पसरलेल्या रक्ताच्या काठाच्या आणि मधल्याही." साहेबांच्या साठीच्या गौरवग्रंथात चांगले लिहावे हे मला कळते, पण या माणसाने माझे डोके किती खाल्ले, तेही कोणीतरी लिहिले पाहिजे.

दम लागणाऱ्या मुलांच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या लाल दाण्यांच्या पेशी वाढतात. जंतांनीही वाढतात. म्हणून साहेब आधी जंताचे औषध देत, मग पुन्हा मोजणी, तीही सकाळी ठरल्या वेळीच! माझी मान मोडून जायची.

उंद्री गावची, दम लागणारी सात वर्षांची यमुना कापसाच्या ढिगाशेजारी झोपायची. जंताच्या औषधाने तिला फरक पडेना, तेव्हा साहेबांनी तिच्या वडिलांना, तुळशीरामजींना, कापूस घराबाहेर हलवायला लावला. महिन्याने रक्त तपासायचे ठरले. त्या दिवशी साहेब बाहेरगावी होते आणि मी कंटाळलो होतो. काठाच्या शंभरच पेशी मोजल्या, आकडा दुप्पट केला आणि मोकळा झालो. या पेशी काठाला गोळा होतात, हे मला चांगले ठाऊक होते. रिपोर्टात काहीच उतार दिसला नाही. तुळशीरामजींनी तो वाचून घेतला आणि उपयोग नाही म्हणून कापूस पुन्हा घरात भरला.

आठवड्याने यमुनेला बैलगाडीतून आणले, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. इंजेक्शनने श्वास मोकळा झाल्यावर साहेबांनी माझ्या मोजणीची जुनी काच काढून स्वतः दोनशे पेशी मोजल्या. लाल दाण्यांच्या पेशी माझ्या आकड्याच्या निम्म्याही निघाल्या नाहीत. मग ते बाहेर जाऊन म्हणाले, "तुळशीरामजी, मोजणीत माझी चूक झाली. कापूस हलवल्याने पोरीला आराम पडला होता."

"तुमच्यानं बी चुकते काय, डॉक्टरसाहेब? म्या तं तुमच्या कागदावर भरोसा ठेवला. पोरगी जात होती ना माही!"

साहेबांनी मान खाली घातली. मी दारातच उभा होतो. मला चारचौघांत खडसावले असते तर मी सुटलो असतो. पण तेवढेही सुख ते देत नाहीत! कापूस हलला, यमुना सावरली. तुळशीरामजी मात्र पुन्हा आमच्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत.

डॉ. भास्कररावांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि आम्हा सर्वांना असेच छळायला त्यांच्या अंगी बळ राहो. हा ग्रंथ उंद्रीलाही पोचेल. तुळशीरामजी, ती मोजणी माझी होती.