परत न आलेला राजपुत्र

दिगंबरबुवांच्या कीर्तनाला मी निम्मं आयुष्य पेटीवर साथ केली. तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचा मला हक्क आहे, आणि त्यांच्यावर चिडायचासुद्धा. माणूस ढोंगी नव्हता. थोडा ढोंगी असता तर फार बरं झालं असतं.

नारायण पेठेत दोन खोल्यांचं घर. बुवा शाळेत संस्कृत शिकवायचे आणि संध्याकाळी कुठे ना कुठे कीर्तनाला उभे राहायचे. घरात शालनवहिनी आणि एकुलता एक अनिरुद्ध. मी तेव्हा बँकेत कारकून होतो. पुढे बँकेनं स्वेच्छानिवृत्ती दिली, म्हणजे इच्छा त्यांची आणि निवृत्ती माझी, आणि मी पूर्ण वेळ पेटीला मोकळा झालो.

बुवांचं हुकमी आख्यान वनवासाचं. म्हाताऱ्या राजानं दिलेला शब्द, तो शब्द खोटा पडू नये म्हणून थोरल्या मुलानं सोडलेलं राज्य, त्याच्या नावाचा धावा करत राजानं सोडलेला प्राण, आणि मग चौदा वर्षांनी मुलाचं घरी येणं. आमच्यात रीत अशी, की आख्यान मरणावर थांबवायचं नाही. कितीही उशीर होवो, मुलाला घरी आणायचं, नगरात दिवे लावायचे आणि मगच आरतीला उठायचं. श्रोत्यांना रडवायची मुभा आहे, पण रडत घरी पाठवायची नाही.

आणि श्रोते तरी कोण? पेठेतल्या घराघरातून कॉम्प्युटर शिकलेलं एकेक पोर अमेरिकेला गेलं होतं. मागे राहिलेले आईबाप सभामंडपात बसून दुसऱ्याच्या मुलासाठी डोळे पुसायचे, दिवे लागले की खुलायचे आणि रविवारच्या फोनची वाट बघायला घरी जायचे. बुवांच्या कीर्तनाला गर्दी का, हे बुवांना कळलं नसेल. मला पेटीमागून सगळं दिसायचं.

नव्याण्णव साली अनिरुद्धचं जायचं ठरलं. शनिवार पेठेतल्या देवळात चैत्राचा उत्सव होता. मध्यंतरात बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि लहानथोर सगळे त्यांच्या पाया पडतात. कीर्तनकार गादीवर, म्हणजे त्या उभं राहायच्या जागेवर असेपर्यंत तो कुणाचा बाप नाही की नवरा नाही, असं मानतात. अनिरुद्ध वाकला. बुवांनी गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला आणि मंडपभर ऐकू जाईल असं म्हणाले, "हाती घेतलेलं काम पुरं करूनच ये. मी ये म्हटल्याशिवाय मागे फिरायचं नाही."

"हो, बाबा," पोरगं म्हणालं. मंडपात सगळ्यांचे डोळे पाणावले. घरी जाताना वहिनी तेवढ्या पुटपुटल्या, "नोकरीला चाललाय हो तो. लढाईला नाही."

आता त्याचं काम कधी पुरं व्हायचं? एक संपलं की कंपनी दुसरं देई. तीन वर्षांनी त्याचा फोन आला. हडपसरला नव्या कंपन्यांच्या इमारती उठत होत्या, तिथे त्याला जागा मिळत होती. "येऊ का, बाबा?" त्यानं विचारलं. बुवांनी विचारलं, "तिथलं पुरं झालं?" तो म्हणाला, "नाही अजून." "मग?" बुवा म्हणाले. झालं, संपलं बोलणं. हडपसरची जागा दुसऱ्याला मिळाली.

पुढच्या वर्षी वहिनींच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी बुवांना बाहेर बोलावून सांगितलं, मी शेजारीच होतो. आशा नव्हती. घरी आल्यावर वहिनींनी बुवांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. त्यांना आता एकच गोष्ट हवी होती, अनिरुद्धला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

अनिरुद्ध रोज फोन करू लागला आणि रोज तेच विचारू लागला. येऊ का? दुसरा कुणी असता तर विचारत बसला नसता, तिकीट काढून दारात उभा राहिला असता, आणि मीही तेच केलं असतं. पण हा पोर बोलता येत नव्हतं तेव्हापासून आईच्या मांडीवर बसून ते आख्यान ऐकत वाढला होता. बापाचा शब्द मोडायचा असतो हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि बुवा फोनवर म्हणत, "आईची काळजी घ्यायला मी आहे." फोन ठेवला की देवासमोर जाऊन बसत. रडत असत, मी पाहिलंय. पण "ये" हे एक अक्षर काही त्यांच्या तोंडून फुटेना.

मी एकदा तोंडावर बोललो. "बुवा, आख्यानातला राजासुद्धा मुलाला म्हणाला होता, मला कैद कर पण जाऊ नकोस. तुम्ही राजाच्याही वर गेलात!"

"महिपती, गादीवरून बोललेलं मी घरात बसून मागे घेऊ?"

पलंगावरून वहिनी म्हणाल्या, "मग गादीवरूनच घ्या, अहो."

बुवा त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "हे बरोबर आहे. चैत्रात उत्सवाला घेईन."

"चैत्रापर्यंत कशाला?" मी म्हणालो. "उद्या इथे गादी घाला. मी पेटी घेऊन येतो."

"घरच्या सोयीसाठी गादी घालायची नसते, महिपती."

मी तेव्हा जिना उतरलो तो दात-ओठ खात. पण वहिनींना तेवढं पुरे होतं. त्यांचा चेहरा फुलला. "भावोजी, यांचं उपरणं परीटघडीचं करून आणा. सगळ्यांदेखत बोलायचंय त्यांना," त्या म्हणाल्या. मी आणून दिलं. ते त्यांनी उशाशी ठेवून घेतलं. पाणीही पचेनासं झालं तरी मधूनमधून हात लावून बघायच्या, घडी मोडली नाही ना.

गुढ्या उभ्या राहिल्या, उत्सवाचा मांडव पडला, आणि त्याच आठवड्यात एका दुपारी वहिनी गेल्या. बुवांना सुतक लागलं. सुतकात गादीवर उभं राहता येत नाही. उत्सवाला नगरहून दुसरे बुवा आले.

त्या दुपारी फोन मीच लावून दिला. बुवांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. म्हणाले, "अनिरुद्ध, आई गेली. ये."

पलंग तोच, खोली तीच, आणि गादी कुठेच नव्हती. इतकं सोपं होतं ते.

पलीकडून त्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "आता कशाला, बाबा? काम पुरं झालेलं नाही अजून." तो टोमणा होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. टोमणा असावा अशी माझी इच्छा आहे. कारण नसेल तर ते पोर खरंच तसं घडवलं गेलं, आणि मग कुणी कुणावर रागवायचं?

तो आला नाही. अग्नी, दिवस, सगळं बुवांनीच केलं.

सुतक फिटल्यावर त्याच देवळात बुवांचं कीर्तन ठेवलं. लोक मुद्दाम आले होते, सांत्वनासाठी. उपरणं तेच होतं, वहिनींच्या उशाशी असलेलं. बुवांनी वनवासाचं आख्यान लावलं. आवाज खणखणीत होता. राजाचा शब्द झाला, मुलाचं जाणं झालं, राजानं हाका मारत प्राण सोडला. नेहमीसारखी मंडळी डोळे पुसू लागली आणि दिवे लागायची वाट बघू लागली.

बुवा थांबले. परतीच्या पदाचा सूर मी दिला. पुन्हा दिला. त्यांनी माझ्याकडे वळून हातानंच थांबवलं.

"मुलगा आला नाही," ते लोकांना म्हणाले.

पुढच्या रांगेत कुणीतरी आरतीचं तबक घेऊन उभं राहिलं होतं, ते तसंच उभं राहिलं. मला वाटलं, बुवा आता पुढे काही बोलतील, निदान एखादा श्लोक म्हणतील. ते गादीवरून खाली उतरले आणि चपला शोधू लागले. मंडपातल्या कुठल्याच आईबापाला उठता येईना. मी पेटीचा भाता मिटला.

बुवा त्यानंतर कधी गादीवर उभे राहिले नाहीत. फोन अजून येतो, दर रविवारी. बुवा दर वेळी "ये" म्हणतात.