लॅपटॉपचं कागदी माप

कंधारच्या बायकांना पंचफुलाबाई सोनसळे हे नाव कमी ठाऊक, ब्लाउजवाल्या काकू म्हटलं की पोरंसुद्धा घर दाखवतात. बावीस वर्षं झाली, पुढच्या खोलीत त्यांची शिलाई मशीन आहे आणि दारावर खडूनं लिहिलेली पाटी: 'माप स्वतः येऊन द्यावे.' ही पाटी शोभेची नव्हे. कुणी जुनं ब्लाउज पाठवलं, कुणी फोनवर आकडे सांगितले, की बाईंचं डोकं फिरायचं. "आकडा म्हंजे माणूस हाय का? खांदा उतरता हाय का ताठ, ते आकड्यात दिसतं का?" उमरीच्या वर्षाराणीचं लग्न महिन्यावर आलेलं. तिनं भावाच्या हाती कापड आणि मापांची चिठ्ठी पाठवली, तर बाईंनी भावाला कापडासकट परत लावलं. नवरीला घेऊन ये म्हणाल्या. एवढी खमकी बाई, आणि नेमकी तीच चूक तिनं केली, म्हणून तर सांगायचं.

त्यांची एकुलती एक पोरगी लुंबिनी बाळंतपणाला आली होती. सिझर झालेलं, बाळ वीस दिवसांचं. जावई आदर्श लातूरला एका क्लासच्या ऑफिसात, ऐन परीक्षेच्या हंगामात त्याला सुट्टी मिळेना. लुंबिनी आधी पुण्यात नोकरीला होती. सातव्या महिन्यात ती नोकरी तिला सोडायला लावली ती पंचफुलाबाईंनीच. "जीव सांभाळ, नोकऱ्या काय पळून चालल्या का," असं त्या तेव्हा अगदी ठासून बोलल्या होत्या. नोकऱ्या पळूनच गेल्या. लुंबिनीनं अकरा ठिकाणी अर्ज केले, एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही. ती आईला एका शब्दानं काही बोलली नव्हती, पण बाळाला पाजताना भिंतीकडं बघत बसायची. ते बघणं बाईंच्या काळजाला कापायचं.

मग एक कंपनी लागली. काम घरून, दहा ते सहा, बाळ शेजारी ठेवून करता येईल असं. कंपनीनं आपलं सगळं सामान, सॉफ्टवेअर आणि काय काय, लुंबिनीच्या जुन्या लॅपटॉपवर लांबूनच टाकून दिलं आणि सोमवारी कामाची चाचणी ठेवली. त्या सोमवारी लॅपटॉपनं नुसतं उघडायलाच वीस मिनिटं घेतली. आतून कट्‌कट् आवाज, पडद्यावर गोल फिरतंय ते फिरतंयच. कंपनीच्या पुण्याच्या मॅडम फोनवर गोड बोलल्या, पण बोलल्या ते असं, की पुढच्या सोमवारपर्यंत मशीन वेगानं चालली तर ठीक, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. लुंबिनीनं "हो मॅडम" म्हटलं, फोन ठेवला आणि बाळाच्या दुपट्याची घडी घालत बसली. एकच घडी तिनं चारदा घातली.

"काय लागतंय त्याला?" बाईंनी विचारलं.

"जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी लागती माय. तिनं पळतंय म्हणे. पण कोणती बसती ते बघून घ्यावं लागतंय. सगळ्याला सगळी चालत न्हाई."

नवीन लॅपटॉप घ्यायची ऐपत नव्हती, हे दोघींनाही न बोलता कळत होतं. आता बाळंतीण काही टाके घेऊन नांदेडच्या एसटीत बसणार नव्हती. म्हणजे जाणार कोण, ते ठरलेलंच होतं.

बुधवारी दोघींनी लॅपटॉप पालथा घातला. मशीनच्या ड्रॉवरमधल्या बारीक पेचकसानं बाईंनी पाठ उघडली. आत जुनी डिस्क होती, तळहाताएवढी, आणि तिच्या शेजारी एक लांबट रिकामी जागा. लुंबिनीनं मोबाईलवर व्हिडिओ लावला होता. त्यातला माणूस अशाच जागेत एक पातळ पट्टी खोचत होता आणि हीच सगळ्यात जोरात पळते म्हणून सांगत होता. बाईंचे डोळे लकाकले. त्यांनी टेप काढली, जागा मोजली, आठ सेंटिमीटर भरली. कटिंगचा कागद घेतला, खाच कुठं येते ती पेन्सिलीनं मारली, स्क्रूचं भोक दाभणानं टोचलं आणि कात्रीनं पट्टी अशी कापली, की जागेत ठेवली तर केसाइतकीही फट दिसेना.

"लॅपटॉपच घेऊन जा ना माय," लुंबिनी म्हणाली.

"एसटीच्या धक्क्यानं हाय तेबी बंद पडंल. माझ्या मापावर भरोसा न्हाई का तुझा?"

लॅपटॉपच्या बुडाला मॉडेलचा नंबर होता, तोही वापरून वापरून घासून गेलेला. बाईंनी पट्टी पाकिटात ठेवली, पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि गुरुवारी सकाळच्या गाडीनं नांदेड गाठलं.

गुरुपादप्पांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तिथल्या एका गल्लीत आहे, दहा बाय बाराचं. माणूस मूळचा देगलूरकडचा, बोलताना मधेच कानडी शब्द टाकणारा, आणि सगळ्या बायकांना अक्का म्हणणारा. त्यांनी कागदाची पट्टी उलटसुलट करून बघितली. असलं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

"मशीन आणली का अक्का?"

"माप आणलंय."

"मॉडेल नंबर?"

"पुसून गेलाय. पण माप पक्कं हाय. बावीस वर्षं तेच करून राहिले मी."

गुरुपादप्पांनी मान हलवली. "बघा अक्का, माप जुळंल, पण मशीन बघितल्याबिगर मी खात्री देत न्हाई. आधीच सांगतो."

त्यांनी पट्टीवर एक एसएसडी ठेवली. लांबी जुळली, खाच जुळली, भोकावर भोक आलं. बाईंना कोण आनंद झाला. खात्री देत नाही हे शब्द त्यांच्या कानावर पडले, पण आत काही शिरले नाहीत. पाचच्या आत त्या घरी होत्या.

संध्याकाळी पट्टी बसवली. टक् करून बसली, स्क्रू गेला. लॅपटॉप चालू केला, तर तेच गोल फिरणं आणि तीच कट्‌कट्. लुंबिनीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पट्टी काढून परत खोचली. लॅपटॉपला ती दिसतच नव्हती. जागेत नीट बसली होती, पण लॅपटॉपच्या लेखी तिथं काहीच नव्हतं.

"अगं मापात तर बसली की," बाई म्हणाल्या. हेच त्या तीनदा म्हणाल्या.

लुंबिनीचा बांध तिथं फुटला. "मापात बसली म्हंजे झालं का माय? तू दरवेळेस असंच करतीस. तुला वाटतं तुला सगळं कळतं. नोकरी सोडतानाबी तसंच केलंस." एवढं बोलून तिनं तोंडावर हात धरला. बाळ रडायला लागलं, तिनं त्याला उचललं आणि आत गेली. पंचफुलाबाई उघड्या लॅपटॉपसमोर बसून राहिल्या. रागसुद्धा येईना त्यांना, कारण पोरगी खरं तेच बोलली होती.

शुक्रवारी दिवसभर त्यांनी गुरुपादप्पांना फोन लावला. रिंग जायची आणि बंद व्हायची. पाचव्या फोनानंतर बाईंच्या मनात नाही नाही ते यायला लागलं. दुकानच बंद केलं असलं तर? उद्या नाही उघडलं तर? रविवारी कोण उघडणार? सोमवारी त्या मॅडम पुढचं नाव वाचतील, आणि मग लुंबिनी तेराव्या ठिकाणी अर्ज करील आणि भिंतीकडं बघत बसंल. हातातलं काम तीनदा उसवावं लागलं, बाही उलटी लागली होती. संध्याकाळी उलट फोन आला. गुरुपादप्पा भाच्याच्या लग्नाला देगलूरला गेले होते. "उद्या या अक्का. पण मशीन घेऊन या. माप नको."

शनिवारी शेजारच्या तुळजाबाईंना बाळाजवळ बसवून पंचफुलाबाई निघाल्या. लॅपटॉप जुन्या पातळात गुंडाळून पिशवीत ठेवला, पिशवी मांडीवर, आणि मांडी सगळ्या रस्ताभर अधांतरी. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा जीव वर यायचा. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "देव हाय का पिशवीत?" बाईंनी नुसती मान डोलावली.

गुरुपादप्पांनी लॅपटॉप उघडला, रिकाम्या जागेवर बॅटरी मारली, मग तो चालू करून पडद्यावर काहीतरी वाचलं.

"अक्का, जागा एकच दिसती, पण तिच्यात दोन तऱ्हेच्या पट्ट्या बसतात. एक सॅटाची, जुन्या पद्धतीची. दुसरी एनव्हीएमई, नवीन, लई जोरात पळणारी. तुमची मशीन जुनी. तिला सॅटाचीच बोली समजती. नवीन पट्टी बसती तिथं, पण बोलत न्हाई."

"आणि हे कागदावर दिसत न्हाई."

"कसं दिसंल? म्हणून तर मशीन मागत होतो."

पंचफुलाबाईंना आपल्या दारावरची पाटी आठवली. उमरीचा तो पोरगा आठवला, कापडाची पिशवी हातात धरून ओशाळवाणा उभा राहिलेला. किती तोऱ्यात परत लावलं होतं त्याला.

"माझंच चुकलं भाऊ," त्या म्हणाल्या.

"इरली बिडी, अक्का," गुरुपादप्पा म्हणाले. असू द्या, म्हणजे. "सॅटाची पट्टी आता मिळत न्हाई लवकर. पट्टीचा नाद सोडा. जुनी डिस्क जिथं हाय ना, तिथं त्याच आकाराची सॅटाची एसएसडी बसती. तीच तुमच्या मशीनची. आधीची पट्टी बदलून देतो. इथंच बसवतो, चालवून दाखवतो, मगच न्या."

"आतलं सामान? कंपनीनं टाकलेलं?"

गुरुपादप्पांनी जुन्या डिस्कला कान लावला. ते कान लावणं बाईंना आवडलं नाही. "जुन्या डिस्कवरून नवीनवर जसंच्या तसं उतरवून घ्यावं लागंल. तीन तास लागतील. पण जुनी आवाज करून राहिली. मधीच दम तोडला तर..."

तर कंपनीचं सामान गेलं. ते परत टाकायचं तर मॅडमना सांगावं लागणार, आणि मॅडम भेटणार सोमवारी. बाईंना हे सगळं एका क्षणात कळलं. "करा," त्या म्हणाल्या, आणि स्टूलवर बसल्या.

दीड वाजता सुरुवात झाली. पडद्यावर टक्क्यांचा आकडा चढत होता आणि जुनी डिस्क कट्‌कट् करत होती. बाई आकड्यावरून नजर हलवत नव्हत्या. गुरुपादप्पांनी चहा मागवला, तो निवून गेला. लुंबिनीचा फोन आला. "झालं का?" "होतच आलंय. तू जेवलीस का?" "हाव." दोघीही खोटं बोलत होत्या. चार वाजता आकडा एकाहत्तरवर आला आणि थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डिस्कचा आवाज वाढला. पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. माझ्या शहाणपणापायी पोरीची एक नोकरी गेली, आता दुसरीबी चालली, असं त्या मनात सरळ सरळ बोलल्या. कुणाला दोष द्यायला त्यांच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं.

गुरुपादप्पांनी टेबलावरचा पंखा जुन्या डिस्ककडं वळवला. "तापली असंल. हात नका लावू, बघत राहा."

मग बहात्तर आलं. बाईंना रडू आलं, पण त्यांनी ते गिळलं, अजून अठ्ठावीस बाकी होते. पाच वाजून गेल्यावर कुठं ते उतरलं सगळं. गुरुपादप्पांनी नवीन एसएसडी बसवली, पाठ लावली आणि लॅपटॉप बाईंच्या समोर ठेवला. "तुम्ही दाबा." त्यांनी बटण दाबलं आणि मनात आकडे मोजले. सोळापर्यंत मोजून होतंय तोवर लुंबिनीनं लावलेला बाबासाहेबांचा फोटो पडद्यावर आला होता, आणि त्याच्या खाली कंपनीचं चिन्ह जागच्या जागी.

शेवटच्या गाडीत उभं राहायची पाळी आली. कंधारपर्यंत त्या पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

सोमवारी दहाला चाचणी झाली. साडेअकराला मॅडमनी सांगितलं, आजपासूनच बसा कामाला. लुंबिनीनं आईकडं बघितलं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण कानाला हेडफोन होता आणि पलीकडं माणसं होती. "एकच करा," मॅडम म्हणत होत्या, "मागं कसला तरी आवाज येतोय, तेवढा बंद ठेवा."

पंचफुलाबाईंचा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर होता. घर दोनच खोल्यांचं, मशीनचा आवाज सगळीकडं जाणारा. त्यांनी पाय काढून घेतला, पट्टा उतरवून ठेवला आणि बाळाला मांडीवर घेऊन ब्लाउजांना हुकं लावायला बसल्या. मशीनवरचं काम आता पहाटे करायचं, नऊपर्यंत. अजून कुणाला त्यांनी तसं सांगितलं नव्हतं.

दुपारी दारात वर्षाराणी उभी राहिली, उमरीहून दोन गाड्या बदलून आलेली, भाऊ मागं कापडाची पिशवी घेऊन. बंद मशीन बघून तिचा चेहरा उतरला.

"काकू, शिलाई बंद केली का?"

पंचफुलाबाईंनी ओठावर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडं खूण केली. तिथून लुंबिनीचा आवाज येत होता, कामाचा, जरा मोठा, पुण्याला असताना फोनवर यायचा तसा. बाईंनी तो थोडा वेळ ऐकला. मग बाळ वर्षाराणीच्या भावाच्या हातात दिलं, उठल्या आणि गळ्यातली टेप काढत हळू आवाजात म्हणाल्या, "ये. सरळ उभी राहा."