पत्ता एकदाच ओढायचा

"बस. एक पत्ता ओढ, आणि पुढच्या तासाभरात काय होणार ते लिहून काढ."

गडदे बाईंच्या वर्गात नवा माणूस आला की त्याचं स्वागत असं व्हायचं. नाव-गाव नंतर. तो बिचारा घाबरत घाबरत टॅरोचा पत्ता ओढायचा, चित्राकडं टक लावून बघायचा आणि काहीतरी गंभीर लिहायचा. तास संपला की बाई त्याला ते मोठ्यानं वाचायला लावायच्या. त्यातलं काही म्हणजे काही झालेलं नसायचं. "चुकलास ना? शाब्बास! पहिला धडा झाला. आता शिकायला ये." मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं, 'मोठा विश्वासघात होईल.' झालं इतकंच की माझा चहा शेजारच्यानं पिऊन टाकला. तो विश्वासघातच होता असा वाद मी घातला, पण बाईंनी अर्धा गुणही दिला नाही.

सुभद्रा गडदे. मूळच्या सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. सोलापुरात एका शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नवशिक्यांना पाश्चात्त्य गूढविद्येची ओळख करून देणारा वर्ग काढला. माझे वडील, आम्ही त्यांना नान्ना म्हणतो, शाळेत बाईंचे विद्यार्थी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यावरचा हॉल त्यांनी बाईंना वापरायला दिला होता. सुट्टीच्या दिवशी खाली माग बंद असायचे आणि वर आम्ही पंधरा-वीस जण. दारावर बाईंनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : 'येथे भविष्य सांगितले जात नाही.' ती वाचून निम्मे लोक जिन्यावरूनच परत जायचे.

शिकवायच्या मात्र झकास. टॅरोचे अठ्ठ्याहत्तर पत्ते, त्यातले बावीस मोठे. उरलेल्यांचे चार गट, छड्या, प्याले, तलवारी, नाणी. आणि प्रत्येक गटाचं एक तत्त्व, अग्नी, जल, वायू, पृथ्वी. "आणि आकाश कुठं गेलं, बाई?" हा प्रश्न आपल्याकडं कुणीतरी विचारणारच. "पाचवं त्यांनी वर ठेवलंय. खालच्या चारांत बसंना म्हणून." पाश्चात्त्य ज्योतिष सुरू झालं तेव्हा तर रडारडच झाली. त्यांची गणना वेगळी, त्यामुळं निम्म्या वर्गाच्या राशी बदलल्या. मग कबाला आला, ज्यूंच्या गूढविद्येतला जीवनवृक्ष, दहा गोल आणि त्यांना जोडणाऱ्या बावीस वाटा. किमया शिकवताना मात्र बाईंचे डोळे चमकायचे. "शिशाचं सोनं कुणाच्या बापानं केलं नाही. पण त्या वेडापायी त्यांनी भट्ट्या पेटवल्या, आम्लं काढली. माझं रसायनशास्त्र त्या घरात रांगायला शिकलंय. त्यांना हसायचं असेल तर आधी शिका, मग हसा."

दोन्हीकडून शिव्या खाणारी अशी दुसरी बाई मी पाहिली नाही. एक भाविक गृहस्थ जिना चढून आले ते सैतानाची पूजा बंद करा म्हणून. त्याच महिन्यात एक कॉलेजचा तरुण आला, अंधश्रद्धा पसरवता म्हणून. बाईंनी दोघांनाही सतरंजीवर बसवलं. गृहस्थ पळाले. तरुणाला म्हणाल्या, "प्रश्न विचार. माझ्या वर्गात प्रश्न विचारणारं कमी पडतंय." तो तीन महिने येत राहिला आणि शेवटपर्यंत भांडत राहिला. बाईंचा लाडका झाला.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. बाई वर्गात पुस्तकी बोलायच्या, पण मनातलं बोलायला लागल्या की सांगोलं बाहेर यायचं. "मी सात वर्षांची हुते. देवरुशी बापाला म्हनला, पोरगी शाळंत घातलीस तर मेंढरं मरतील. बापानं मला घरी ठिवली. दोन वर्सं! दुष्काळ पडला, मेंढरं मेलीच की. मी काय शाळंत हुते व्हय तवा? तवाच ठरीवलं. जे सांगून मानसाला अडीवत्यात, ते आत शिरून बगायचं." आपल्याकडच्या गुरूंनी बाईमाणसाला आत घेतलं नाही. परदेशी पुस्तकं रद्दीच्या दुकानात मिळाली. ती वाचायला कुणाची परवानगी लागली नाही.

वर्गाचा नियम एकच. रोज सकाळी एक पत्ता ओढायचा, वहीत अंदाज लिहायचा, संध्याकाळी खरं काय झालं ते समोर लिहायचं. आणि पत्ता एकदाच ओढायचा. "दुसऱ्यांदा ओढणारा विचारत नसतो, हुकूम सोडत असतो," बाई बजावायच्या.

मी तो नियम मोडला. होटगीचा मल्लिनाथ, रेल्वेत सिग्नलच्या कामावर, मला आवडत होता. आम्ही तेलुगू पद्मशाली, तो लिंगायत. घरात दोन महिने रणकंदन चाललं होतं. नान्ना ऐकत नव्हते आणि त्यांच्यासमोर ठामपणे बोलायची माझी छाती होत नव्हती. मग मी रोज पत्त्यांना विचारू लागले.

एका सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी नान्ना हॉलमध्ये गेले आणि बाईंना म्हणाले, "पोरगी माझं ऐकत नाही की, बाई. तुमच्या पत्त्यांचं ऐकती. एकदा मांडा आणि हे लग्न वाईट हाय म्हणून सांगा. एवढंच." मला हे कळलं, कारण बाईंनी त्यांना तसंच उभं ठेवून मला हाक मारली.

"श्रीलता, तुझा बाप म्हणतोय, मी पत्त्यांच्या नावावर तुला खोटं सांगावं."

नान्नांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"व्यंकटेश, दहावीला प्रयोगवहीत तू आधी अनुमान लिहायचास आणि मागनं निरीक्षणं जुळवायचास. अजून खोड गेली न्हाय व्हय रं तुजी?"

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात बाईंनी तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यातून माझी वही ओढली.

"आनि तू गं? अठ्ठ्याहत्तर पत्ते, त्यातला 'प्रेमी' एका आठवड्यात पाच वेळा? लई नशीबवान हायस की! किती वेळा ओढत हुतीस?"

"तो मिळेपर्यंत," मी कशीबशी म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बापाला 'न्हाय' वदवून घ्यायचंय, लेकीला 'व्हय'. मी दोन्ही म्हननार न्हाय. तुला काय पायजे ते तुज्या तोंडानं बापाला सांग. हितं. आत्ता."

बाईंचा इतका राग मला कधी आला नव्हता. पण बोलले. "नान्ना, मला मल्लिनाथशीच लग्न करायचंय. कुणी सांगितलं म्हणून नाही. मला करायचंय."

नान्ना बाईंकडं वळले. "आजपासून हॉल बंद, बाई."

"कर की."

बाईंनी पत्ते रुमालात बांधले, दारावरची पाटी खिळ्यावरून काढून काखेत मारली आणि जिना उतरल्या. पुढच्या आठवड्यात वर्ग त्यांच्या अंगणात भरला. सोलापूरचं ऊन! कुणीतरी कुरकुरलं. "आज सूर्याचाच धडा हाय. बसा गुमान," बाई म्हणाल्या. आमच्या नोंदणी लग्नाला साक्षीदार म्हणून त्यांनीच सही केली. नान्ना आले नाहीत.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शेवटच्या दुखण्यात एक नातेवाईक कुण्या जाणकाराला घेऊन आला, किती दिवस उरलेत ते बघायला. "डाक्टरला इचारा," बाई उशीवरून म्हणाल्या, "त्योबी चुकंल." अंत्ययात्रेत एकजण कुजबुजला, एवढी विद्या शिकून स्वतःचं मरण कळलं नाही? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कळतं असं त्या कधी म्हणाल्या होत्या?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

नान्ना अजून माझ्याशी बोलत नाहीत. अधूनमधून अम्माचा फोन येतो आणि मागं त्यांचा खाकरण्याचा आवाज असतो. अम्मा विचारते, "नान्ना विचारतात, पस्तावलीस का?"

मी म्हणते, "सांग त्यांना, अजून नाही. आणि उद्या पस्तावले, तर तो पस्तावासुद्धा माझा असेल."