आतोबांचं गोपनीय कासव

जबलपुरात दोनच गोष्टींचा थांग आजवर कुणाला लागलेला नाही. एक धुआंधार धबधब्याखालच्या डोहाचा आणि दुसरा माझ्या आतोबांच्या मनाचा. डोहाबद्दल निदान अंदाज तरी बांधता येतो. आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, तोफांचे गाडे बनवणाऱ्या कारखान्यात ओतकामासाठी लाकडी साचे करायचे. नोकरीला लागताना त्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. तशी ती सगळ्यांनीच केली होती. पण बाकीचे लोक फाटकाबाहेर पडून सायकलवर टांग टाकेपर्यंतच ती पाळत आणि पानाच्या टपरीवर कारखान्यातल्या सगळ्या शॉपची हालहवाल सांगून मोकळे होत. आतोबांनी ती सही संसारालाही लावून टाकली. "आज डब्यातली भाजी कशी होती हो?" असं आत्यानं विचारलं, तर ते आधी खिडकीकडे पाहत आणि मग आवाज खाली आणून म्हणत, "ठीक होती. काहून?" स्वतःच्या मुलीचं लग्न ठरल्याचं त्यांनी सख्ख्या भावाला पत्रिका छापून आल्यावरच कळवलं, आणि त्या पाकिटावरही दोनदा 'खासगी' असं लिहिलं. दाराशी कात्र्यांना धार लावणारा दोन दिवस लागोपाठ आला, तर तिसऱ्या दिवशी हे कामावर जाताना घरातल्या साऱ्या कात्र्या कुलपात घालून गेले.

अशा माणसाच्या हातून एक शोध लागला, हा नियतीचा विनोदच म्हणायचा. पाकिस्तानशी झालेल्या दोन लढायांच्या मधली ती वर्षं. आतोबा सुटीच्या दिवशी मागच्या पडवीत लाकडाची खेळणी करायचे. लाकूड बाजारातून विकत आणलेलं हळदूचं. कारखान्याचा भुसासुद्धा चपलेला लागून घरी येऊ नये म्हणून ते फाटकाशी चपला झटकत. घोडे, हत्ती, मान हलवणारे बैल करता करता एक दिवस त्यांनी कासव केलं. गजराच्या जुन्या घड्याळाची स्प्रिंग त्याच्या पोटात होती. किल्ली देऊन मेजावर सोडलं की ते संथपणे कडेपर्यंत जाई. पाहणाऱ्याचा श्वास अडके, हात आपोआप पुढे होई. आणि ते कासव ऐन कडेवर क्षणभर विचार केल्यासारखं थांबून, बाजूला वळून, परत मेजावर चालू लागे. कधी म्हणून पडत नसे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलोच. पोंगापंडितांच्या सत्कारांना जाऊन जाऊन माझी टाळी वाजवण्याची इच्छा मेली होती. त्या दिवशी ती जिवंत झाली.

"आतोबा, हे कसं काय वळतं?"

"वळते," आतोबा म्हणाले.

कासवाच्या पोटाखाली काय आहे ते दिसू नये म्हणून त्यांनी त्याला खाकी कापडाचा एक लंगोट शिवला होता. पाहुण्यांना खेळणं दाखवायचं, पण उचलू द्यायचं नाही, असा दंडक होता. एका बाईंनी कौतुकानं हात पुढे केला, तर आतोबांनी पोहे खाता खाता मेजावर आडवी झेप घेतली. आत्या म्हणाली, "अहो, त्या चहाचा कप घेऊन राहिल्या होत्या."

बाजारात खेळण्यांचं मोठं दुकान असलेल्या एका सेठजींच्या कानावर हे गेलं. ते स्वतः घरी आले, कासवाला चार फेऱ्या मारू दिल्या आणि म्हणाले, "दादा, एक नमूना छोड़ जाइए. दो दिन देख के लौटा देंगे."

"देखने का ही तो डर है," आतोबा म्हणाले.

तेव्हा त्यांना पेटंटाचा मार्ग मी सुचवला. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे करायचो, त्यामुळे घराण्यात माझ्या कायद्याच्या ज्ञानाबद्दल बराच गैरसमज होता. कलकत्त्याच्या दफ्तरात अर्ज करायचा, मंजूर झाला की ठरावीक वर्षं तुमच्याशिवाय कुणी हे करून विकू शकत नाही, असं मी सांगताच आतोबांचे डोळे चमकले. सरकार, शिक्के, आणि इतरांना मनाई! त्यांच्या साऱ्या आवडत्या गोष्टी एका अर्जात आल्या होत्या. अर्ज मात्र त्यांनी मला दाखवला नाही. शेजारच्या रिटायर्ड हेडक्लार्ककडून निम्मा लिहून घेतला आणि उरलेला निम्मा स्वतः लिहिला, म्हणजे पूर्ण अर्ज दोघांपैकी एकालाच माहीत राहावा. कलकत्त्याहून उत्तर आलं तेव्हा कुठे मला त्याची नक्कल वाचायला मिळाली. त्यात लिहिलं होतं की, सदर कासव मेजाच्या कडेवर आल्यावर एका विशिष्ट कारणाने वळते. कारण गोपनीय आहे. सोबत नकाशा जोडला होता. अत्यंत सुबक, मापं इंचाच्या बत्तिसाव्या भागापर्यंत दिलेली. कासव वरून काढलेलं होतं.

दफ्तरानं सभ्य भाषेत कळवलं होतं की संपूर्ण वर्णन आणि पोटाखालचा नकाशा ठरलेल्या मुदतीत पाठवावा, नाहीतर अर्ज सोडून दिला असं समजण्यात येईल.

"त्यांना काहून पाहिजे?" आतोबा एकदम चिडले.

"आतोबा, सौदाच तसा आहे. तुम्ही सगळं उघड सांगायचं, त्याबदल्यात सरकार तुमचा हक्क राखतं."

"अच्छा! म्हणजे तिजोरीची किल्ली चौकात टांगायची, अन् सरकार पाटी लावेल का हात लावू नका?"

"साधारण तसंच."

"हे कोण्या येड्यानं काढलं?"

महिने गेले. मुदत जवळ येत होती आणि आतोबा हलत नव्हते. तेवढ्यात लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या झाल्या, आतोबा घरी फक्त जेवायला आणि झोपायला येऊ लागले. त्यांना आठवड्याची सुटी एकदाच कशीबशी मिळाली, मुदत संपायच्या पाच दिवस आधी. आणि नेमक्या त्याच सकाळी शेजाऱ्यानं बातमी आणली की सेठजींच्या दुकानात पत्र्याचं कासव आलंय, किल्लीवर चालणारं.

आतोबांनी सायकल काढली. मी कॅरिअरवर बसलो. त्या उतारवयात त्यांनी ती ज्या वेगानं मारली, तो वेग लष्कराला कळवण्यासारखा होता. दुकानात शिरून ते गल्ल्यासमोर उभे राहिले आणि पत्र्याच्या कासवाकडे नुसतं बोट दाखवलं. सेठजींनी पत्र्याचं कासव किल्ली देऊन काउंटरवर सोडलं. ते खडखडत निघालं. कड जवळ आली. आतोबांनी माझं मनगट असं धरलं होतं की त्याचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले. कासव कडेवर पोचलं, आणि सरळ खाली पडलं.

आतोबा हसले. मी त्यांना तसं हसताना आधी कधी ऐकलं नव्हतं. समोरचा कापडवाला उठून बघायला आला. पण सेठजी शांतपणे वाकले, पोचा आलेलं कासव उचललं आणि म्हणाले, "हँस लीजिए दादा. इस साल गिरा है, अगले साल नहीं गिरेगा. आपका वाला कोई न कोई तो खोलेगा. फिर किसको बताते फिरिएगा कि पहले आपने बनाया था?"

परत येताना सायकल सावकाश चालली होती. घरी पोचल्यावर आतोबांनी कडी लावली, मेज ओढलं, कासव उताणं ठेवलं आणि त्याचा लंगोट सोडला. "लिही," ते म्हणाले.

मी लिहीत गेलो. नाकाखाली एक गुळगुळीत लाकडी गोटी. तिच्या मागे एक आडवं बसवलेलं चाक. गोटी मेजावर असेपर्यंत चाक अधांतरी फिरतं. गोटी कडेबाहेर गेली की नाक जरासं वाकतं, आडवं चाक मेजाला टेकतं आणि कासवाला बाजूला ओढून घेतं. एवढं सांगायला त्यांना दीड तास लागला, कारण प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत आणि त्यातला एखादा शब्द परत घेता येतो का ते पाहत. आत्या चहा घेऊन आली, तिनं वाकून ते चाक पाहिलं आणि म्हणाली, "इश्श! एवढंच?"

आतोबांचा चेहरा पडला. "एवढंच आहे," ते म्हणाले. "एवढंच करायला तीन वर्षं लागली."

लढाईत टपालाचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही स्टेशनवरच्या डाकघरात पळालो. कलकत्त्याची मेल फलाटावर लागलेलीच होती. खिडकीतल्या बाबूनं जाडजूड पाकीट हातात तोललं. "क्या है इसमें?"

"कुछ नहीं," सवयीनं आतोबा म्हणाले. मग मान ताठ करून त्यांनी सांगितलं, "कछुआ है. पूरा."

उत्तर आलं तेव्हा लढाई संपून खिडक्यांचे कागदही निघाले होते. मी पाकीट फोडून वाचलं. दफ्तरानं खेदपूर्वक कळवलं होतं की हीच युक्ती विलायतेतल्या एका गृहस्थांनी फार पूर्वी, आतोबांच्या मुंजीच्याही आधी, नोंदवलेली आहे. हक्क मिळणार नाही. सोबत त्या जुन्या नोंदीची नक्कल होती.

मला वाटलं आता आतोबा खचतील. त्यांनी चष्मा लावला आणि नकाशा उजेडात धरला. बराच वेळ पाहत राहिले. मग एकदम उठले. "अरे, इकडे ये! हे पाह्य! यानं तर पूर्ण पोट काढून ठेवलं! चाक, गोटी, सगळं! अन् चाकाला किती तिरका कोन देऊन राहिला, माझ्या डोक्यात हे आलंच नाही बे!" इतके ते आनंदले होते की आत्या स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मंजुरी आली. ती येताच आतोबा तिला म्हणाले, "विलायतेत अजून एक होता. अगदी माझ्यासारखा."

त्या दिवसानंतर जो मागेल त्याला ते कासव उताणं करून दाखवू लागले. सेठजींनाही कागदावर काढून दिलं, आणि दुकानातली कासवं पडायची थांबली. मला मात्र त्यांनी एक काम सांगितलं. नकलेवर त्या विलायती गृहस्थांचा पत्ता होता. त्यांना पत्र लिहायचं. मी म्हणालो, "आतोबा, इतकी वर्षं झाली, ते आता—" ते म्हणाले, "तू लिही." मजकूर त्यांनीच सांगितला, आणि या वेळी एकदाही थांबले नाहीत. त्यात तक्रार नव्हती, हक्क नव्हता. एकच प्रश्न होता: आमच्याकडे पावसाळ्यात आडवं चाक फुगतं आणि अडकतं, तुमच्याकडे तर बारा महिने पाऊस, मग तुम्ही त्याला काय करता?

पत्र मी स्वतः टाकलं. पुढे बरेच दिवस, कारखान्यातून रिटायर झाल्यावर तर रोजच, आतोबा टपालाच्या वेळी घराच्या फाटकाशी सायकल पुसत उभे राहायचे. पोस्टमन दुरूनच मान हलवायचा. "आज भी नहीं, दादा."

"चलो, ठीक आहे," आतोबा म्हणायचे. "म्हातारा माणूस आहे. लिहायला वेळ लागते."