रक्ताचं पाणी

हे इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही — बायकोला तर अजूनही नाही. आधी हिशेब मांडतो, तेवढं मला जमतं. कोरोनाचं दुसरं वर्ष, दसऱ्यानंतरचा सोमवार. मागितलं होतं चार नळ्या रक्त. हजर तिघं: मी, माझी भाची अनघा आणि सुई टोचणारे रावसाहेब.

अनघा इथल्याच एका प्रयोगशाळेत औषध शोधत होती. किडनी बदललेल्या माणसांना लस दिली, तरी काहींचं शरीर विषाणूशी लढायला उठतच नाही. त्यांच्यासाठी, बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांतली सगळ्यात चिवट निवडायची आणि ती जे बनवते तेच औषध म्हणून तयार करायचं. मी कोरोनातून उठलो होतो. आधी एक नळी दिलीही होती. त्यातल्या पेशी तिनं मला सूक्ष्मदर्शकातून दाखवल्या — गोल, स्वच्छ, दवासारख्या. "मामा, ह्यातली एक असली हाय, विषाणूला धरलं की सोडतच न्हाय!" माझ्यात असं काही आहे? गॅसचं सिलिंडर सरकवताना धापा टाकणाऱ्या माझ्यात? मी कितीतरी वेळ डोळा लावून उभा होतो.

अशा आणखी पेशी मिळाव्यात म्हणून तिनं मला पुन्हा बोलावलं. मग दुसऱ्यांदा गेलो नाही का? गेलो. गेलो, आणि —

थांबा, पहिल्या वेळचं एक राहिलं. नळीत रक्त चढताना बघून मला घेरी आली होती. अनघा बाहेर होती, तिला कळलं नाही. रावसाहेब मात्र हसले. "काय पावणं, तांबडा रस्सा वाटी वाटी वरपतासा, आनि हितं एवढ्याशानं डोळं पांढरं?" मीही हसलो. तालमीच्या मातीत लोळलेला गडी — आणि चमचाभर रक्ताला भ्यालो. ते हसणं मला डसलं होतं.

त्या सोमवारी चार नळ्या मांडलेल्या दिसल्या आणि मी म्हणालो, "तरुणपणी मला कावीळ झाली होती. सांगायची राहिली."

झाली नव्हती. कधीच नाही.

वाटलं, आजच्यापुरतं सुटलो. पण अनघाचा चेहरा उतरला. तिथल्या नियमात कावीळ झालेल्याचं रक्त बसत नव्हतं — आधी दिलेलंही नाही. महिनोन्‌महिने जपलेल्या त्या पेशी तिनं माझ्या शब्दावर टाकून दिल्या. रक्ताचं पाणी करणं म्हणतो ना आपण? तिनं केलं होतं. मी ते मोरीत ओतलं. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. गप्प बसलो.

यंदा तिनं नव्या कामासाठी आधी रक्त दिलेल्या माणसांना पुन्हा बोलावलं. मला अर्थातच नाही. मी आपण होऊन गेलो आणि घेरीपासून खोट्या काविळीपर्यंत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, पडला असतासा तर उचललं असतं की. ओतलेलं कसं उचलू?"

तरी तिनं रक्त तपासलं. इतक्या वर्षांनीही त्याला तो विषाणू आठवतो — दिसला की ओळखतं, उठून उभं राहतं. मी लपवत होतो, आणि आत माझं रक्त सगळं जसंच्या तसं लक्षात ठेवून बसलं होतं. ती एक चिवट पेशी मात्र पुन्हा सापडलेली नाही.

चार नळ्या दिल्या, आडवा पडून, डोळे मिटून. घेतल्या अनघानं, स्वतःच्या हातानं.