शिळावर्तुळात जवळा

१० फेब्रुवारी १९६८, शनिवार. सकाळी हाताशी काम होतं ते सारवण्याचं. घर नव्हे, शाळेचं पटांगण. तेही सगळं नव्हे, माझ्या दगडांच्या आतलं तेवढं. दुपारी लोक येणार होते आणि आत धूळ उडत होती. गुरुजी म्हणाले, मुरूम टाकू. मी म्हटलं, मुरूम पायाला टोचतो, शेणाने सारवते. त्यांनी मान डोलवली. तिथेच घोटाळा झाला, पण तो आमच्या दोघांच्याही लक्षात आला नाही.

दगडांची कल्पना गुरुजींची. घिवलीच्या वाटेवरच्या त्या शाळेत ते मुख्य होते. वारसा म्हटलं की इथल्या माणसांना शिरगावचा किल्ला आठवतो, त्याच्या मागे काही नाही, ही त्यांची खंत. "इतिहास लिहायला लागण्याआधीही माणसं होती हो," ते म्हणायचे. "पुस्तकातलं चित्र दाखवून कुणी थांबत नाही. माणूस आत जाईल एवढं करून उभं करा, मग थांबतील." वीज केंद्राच्या बांधकामामुळे तेव्हा इकडे ठिकठिकाणची कुटुंबं आली होती. आपापल्या मुलखात असं काही पाहिलेल्यांनी त्याची नक्कल करावी, असं त्यांनी सांगितलं. पालघरहून शिक्षणखात्याचे एक साहेब येऊन त्यांतली एक निवडणार होते. ती पालघरच्या शाळेच्या नव्या आवारात पक्क्या दगडात, कायमची बांधली जायची होती.

ती माझी असावी, असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू, दुसरं काही सुचतच नव्हतं. आम्ही नागपूरकडचे. माझ्या माहेरी गावाबाहेर माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. आत बारीक दगडांचा ढीग आणि खाली हजारो वर्षांपूर्वी पुरलेली माणसं. लहानपणी आम्ही त्या दगडांवर बसून बोरं खाल्ली. इथे बोईसरला आल्यापासून माझ्या मुलखाचं नाव काढलं की लोक संत्र्यांबद्दल विचारत. निदान एकदा तरी दुसरं काही विचारतील, एवढी माझी अपेक्षा.

दगड खरे होते. खोदकामातून निघालेले काळे धोंडे यजमानांनी बैलगाडीतून आणवले आणि मी उभी राहून ते गोलात मांडून घेतले.

शेजारच्या खोलीतली बाई बेळगावकडची. माझ्याहून वयाने बरीच लहान, मला अक्का म्हणायची आणि मला ते आवडायचं नाही. तिने तिच्या मामाच्या मुलखातलं शिळाघर केलं. चार बाजूंना उभ्या शिळा, वर एक आडवी, आणि समोरच्या शिळेला माणूस सरपटत आत जाईल एवढं गोल भोक. शिळा कसल्या, बांबूच्या कामट्या, त्यावर गोणपाट, त्यावर प्लॅस्टर. वरून चुलीतली राख चोळलेली. दुरून मात्र हुबेहूब दगड. मी जवळ जाऊन टिचकी मारली तेव्हा भद्द आवाज आला आणि मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं. प्रदर्शन उघडलं आणि तिच्या भोकापुढे रांग लागली. मुलं जात होती, बाया जात होत्या. एक पोट सुटलेले हेडक्लार्क अडकले तेव्हा त्यांच्या बायकोने मागून ढकललं आणि म्हणाली, "जा आत, तेवढीच घरी शांतता." सगळं पटांगण हसलं. आतून प्रत्येक जण ओरडून बघायचा, आवाज घुमतो का ते. ती शेजारी उभी राहून सांगत होती, "बगा, आत गार लागतंय की नाही? तवाच्या माणसांनी मेलेल्यासाठी घर केलंय बगा."

माझ्या वर्तुळाशी लोक येत, बघत आणि विचारत, "आणि हे?"

"शिळावर्तुळ."

"म्हणजे अजून व्हायचंय का?"

संध्याकाळी तिने मला हाक मारली. "अक्का, तुमी आत जाऊन बघितला नाय अजून. या की."

"माझे गुडघे दुखून राहिले," मी म्हटलं. गुडघे ठणठणीत होते.

रविवारी साहेब यायचे म्हणून मी लवकर गेले. लांबूनच वास आला. माझ्या वर्तुळात एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ओला जवळा पसरलेला. ती बारीक कोळंबी उन्हात गुलाबी चमकत होती आणि मधे घिवलीची एक कोळीण वाकून हाताने ती सारखी करत होती.

"अहो, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

तिने वर पाहिलं. "जवळा सुकवतंय. खळा कुनी सारवला बाय? लय बेस सारवलाय."

"हा खळा नाही!"

"सारवलेला हाय, कडेने दगड लावलेत, कुत्री आत येऊ नयेत म्हनून. मंग खळा नाय तर काय?"

मी कपाळावर हात मारला. इथे किनाऱ्याला जवळा सुकवायला जमीन अशीच सारवतात, हे मला तीन पावसाळे काढूनही माहीत नव्हतं. मासे मी बाजारात विकत घ्यायचे, ते कुठे सुकतात ते बघायला कधी गेले नव्हते.

तिला हाकलायचं म्हणून मी सांगून टाकलं, "ही मेलेल्या माणसाची जागा आहे."

तिचा हात थांबला. "आत मानूस हाय?"

"इथे नाही. ही नक्कल आहे. खरी माझ्या माहेरी."

"मंग काय जाला," ती म्हणाली आणि पुन्हा हात फिरवायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "पन येवढे मोठे दगड कशाला वो? मेलेला उठून जाल म्हनून?"

दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी काही धड विचारलं होतं. मी सांगायला लागले: ज्याचं गणगोत मोठं त्याचं वर्तुळ मोठं, बरोबर भांडी पुरत, लोखंडाची हत्यारं पुरत. ती ऐकत होती. एवढ्यात साहेब आले.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत कोळीण म्हणाली, "खळा हाय साहेब. मेलेल्याचा."

सगळे हसले. बेळगावची तेवढी हसली नाही. पुढे येऊन म्हणाली, "साहेब, अक्कांनी खरे दगड आणल्यात. माझं काय, गोणपाट हाय नुसतं." ती हसली असती तर चाललं असतं. जिंकणाऱ्याला असं मोठं मन परवडतं, आणि ते तिने सगळ्यांसमोर दाखवलं याची आग माझ्या मस्तकात गेली.

साहेब तिच्या भोकातून आत गेले, ओरडले, धोतराला राख लावून हसत बाहेर आले. निवड तिथेच झाली. गुरुजी माझ्याकडे येऊन म्हणाले, "वहिनी, तुमचं अचूक होतं हो. पण लोकांना आत शिरायला लागतं." मी म्हटलं, "दगड कधी हलवायचे?" ते म्हणाले, एवढे धोंडे कोण हलवणार, राहू देत. कोळणीने ते ऐकलं आणि विचारलं, "मंग उद्या आमी आलो तर चालंल ना?" मी तडक घरी आले आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक एकदमच उरकला. यजमानांनी काय झालं ते विचारलं, तेव्हा त्यांच्या ताटात आमटी जरा जोरातच वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेणाची बादली घेऊन मी पटांगणावर गेले. जवळ्याने सारवण उखडलं होतं, ते पुन्हा नीट केलं. शिळाघरापुढे रांग नव्हती. नुसती बेळगावची होती, गवंड्याला घेऊन, दगडाची मापं देत. कोळणी आल्या, काल एक होती, आज चार. टोपल्या उतरवत त्यांतली एक नवी म्हणाली, "मेलेल्याचा खळा तो ह्योच काय?"

मी हात धुतले, पदराला पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पलीकडे मापं घेणं थांबलं, तशी मी आवाज आणखी चढवला.