शतावरीचं कूट

आमच्या शिवारात माझ्याएवढा धीट गडी दुसरा न्हाई. पर घाटनांदूरच्या बाजारात जडीबुटी इकणाऱ्या एका म्हातारीम्होरं माझी बोबडी वळली. घरी तान्ही लेक भुकेनं रडत व्हती, बायकोला दूध पुरंना. हे बाईमाणसाला कसं सांगावं? म्हनलं, "मावशी, मलाच लई अशक्तपणा आलाय."

तिनं माझ्या सुटलेल्या पोटाकडं बघितलं. "तुला? मंग डोळे कावून भरले तुझे?"

तवा मी खरं सांगितलं. ती हसली न्हाई. शतावरीच्या वाळल्या मुळ्या निवडल्या, कपाळाला लावल्या अन् खलबत्ता माझ्याकडं सरकवला. तिची रीतच तशी, घरच्या माणसानंच कुटायचं. मी घाम गाळत कुटलं, तिनं जिरं अन् खडीसाखर मिसळली. "दुधातून दे बायकोला."

फुडच्या बाजारापतूर लेक पोटभर पिऊन निजाया लागली. मावशीचं नाव बी मला ठाऊक न्हवतं, पर पळत जाऊन तिचे पाय धरले. "मावशी, तुमीच वाचवलं बगा!"

तिनं पाय वढून घेतले. "हितं काय लोळतो रे? घरी जाऊन धुनं धू, बायकोला निजू दे जरा."